रीमा मॅडमची ओटी

अंजूर,
ता. १२ जानेवारी

चि. क्षितिजास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं दिल्लीचं पत्र पोचलं. दीपेशने मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी बोट लावून लावून पुन्हा वाचलं. तुझा भाऊ बोलतो, एवढी शाई कशाला, फोन कर. मी बोलली, फोनवर ती मीटिंगमध्ये हाय बोलते आणि ठेवून देते, पत्र काय तिला ठेवून देता येणार न्हाय. साक्षरतेच्या वर्गात माझी जोडाक्षरं अजून अडतात, चुकलेलं तू समजून घे.

बाया विचारतात, नात दिल्लीत करते काय? मी सांगते, सरकारबरोबर चहा पिते आणि काय करायचं ते सरकारला सांगते. शेजारची ठकूबाई लगेच बोलली, मग आमच्या नळाचं सांगायला लाव. तर नळाचं ध्यानात ठेव.

इथलं काय सांगू. घराच्या तीन बाजूंना गोडाऊनच्या भिंती झाल्या. स्वैपाकाची खिडकी उघडली की समोर पत्रा. कोंबडा आरवतो आणि स्वतःचाच आवाज परत आला की दचकून गप होतो, मला तर हसू आवरत न्हाय. चौथ्या बाजूला खाडीची वाट, तिच्यावर आता कंपनीचं गेट. तिथं किशन नावाचा बिहारचा वॉचमन असतो, तुझ्या बापाच्या वयाचा. रोज विचारतो, अम्मा, कहाँ जाना है. मी रोज सांगते, तुझा जन्म न्हवता तेव्हापास्नं जाते तिथंच. हसतो आणि नाव लिहून घेतो. वाटेच्या टोकाला गावदेवी, आणि तिच्या पुढे चिखल, पाणी ओसरून सुकती लागली की आम्ही बाया चिंबोऱ्या धरायला जातो तो. ठकूबाईची चूल त्याच्यावरच चालते. मला काय चुलीची पंचाईत न्हाय, पण तिथं जाऊन बसलं की छाती मोकळी होते.

तुझा बाप दौलत बोलतो, आई, गेटाबद्दल तोंड उघडू नको, आपली जमीन त्याच कंपनीकडे भाड्याने हाय. म्हणून तोंड मिटून हाय. पत्र लिहिणं म्हंजे काय तोंड उघडणं न्हाय.

लोभ वाढता ठेव, आणि अंगावर मांस पण.
तुझी आजी, धोंडूबाई

*

नवी दिल्ली,
ता. २० जानेवारी

ती. आजीस क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

सरकारला मी काय सांगणार! मोठ्या कंपन्यांना कायदे कसे हवेत, ते आमचं ऑफिस अधिकाऱ्यांच्या कानावर घालतं. इथे कुणी मागत नाही, सगळे फक्त सुचवतात. कडाक्याचं भांडण झालं तर चर्चा छान झाली म्हणतात. खरं बोलणं खोलीत होतच नाही, ते लिफ्टपासून गाडीपर्यंत चालताना होतं. आणि तो चहा कुणी पीत नाही, गार होऊन परत जातो.

तुला एक सांगायचं आहे. सध्या आमचं ऑफिस गोडाऊनवाल्यांच्या संघटनेचं काम करतंय. नवीन धोरणाचा मसुदा आहे. गोडाऊनचा पट्टा म्हणजे बंद आवार, बाहेरच्याने आत यायचं नाही. आणि गावाची संमती असेल तिथे जुन्या वाटाही बंद. मी त्यात एक ओळ घातली आहे, की वहिवाटीच्या वाटा मोकळ्या राहतील. रीमा मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, वाचून 'बघू' म्हणाल्या. दिल्लीत 'बघू'चा अर्थ काय होतो ते मी अजून शिकतेय.

पुढच्या महिन्यात मॅडम गोडाऊन बघायला भिवंडीत येणार आहेत, मीही बरोबर आहे. आपलं अंजूर दाखवीन, म्हणजे ती ओळ का हवी ते त्यांना कळेल. तू मात्र मी चिखलात कमरेपर्यंत रुतले होते ती गोष्ट सांगू नकोस.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच मिळत राहो.
तुझी क्षितिजा

*

अंजूर,
ता. १५ फेब्रुवारी

चि. क्षितिजास आजीचे आशीर्वाद, आणि तुझ्या मॅडमला पण अर्धे. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून गावात दुसरा विषय न्हाय. मॅडम भाकरी केवढी जेवली! चिंबोरीचा नांगा तिला फोडता येईना, मग ठकूबाईने दातांनी फोडून दिला आणि तिने खाल्ला, काय न बोलता. तेव्हाच मी ठरवलं, बाई आपली हाय. तुझी चिखलाची गोष्ट मी सांगितली न्हाय, दीपेशने सांगितली.

दारात आलेली बाई रित्या ओटीने कशी पाठवणार? तिला पदर न्हाय, पँट! मग माझंच लुगडं घडी करून तिच्या मांडीवर पसरलं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. पाची जणींनी ओटी भरली. तांदूळ पँटीच्या खिशात गेले तेव्हा ती पण हसली. तू फोटो काढत होतीस म्हणून तुला दिसलं नसेल, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला बोलली, आता तू अंजूरची लेक, हे तुझं माहेर. तिला कळलं का ते देवाला म्हायत.

तुम्ही गेलात आणि आठवड्यात गेटाला कुलूप पडलं. किशन मान खाली घालून बोलतो, अम्मा, ऊपर से ऑर्डर है. मी बोलली, वर माझी नातच हाय, तिला विचारते. तर विचारते. कधी उघडणार ते कळव, सुकती वाया चालल्यात. ठकूबाई आता गोडाऊनमध्ये झाडूला जाते, आणि मी दिवसभर पत्र्याकडे बघते. घरात जीव कोंडतो बाय. दौलतला सांगितलं तर तो पंखा वाढवतो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी

*

नवी दिल्ली,
ता. २६ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. तुझा ओटीचा फोटो परवा मीटिंगमध्ये भिंतीएवढा दिसला. खाली लिहिलं होतं, गावच्या महिलांकडून प्रकल्पाचं स्वागत. मॅडम खोटेपणाने वागल्या असं मला वाटत नाही. त्यांना खरंच वाटतंय की तुम्ही पाच जणींनी मिळून होकार दिला. त्या सगळ्यांना सांगतात, इतकी सुंदर संमती मी आयुष्यात पाहिली नाही. त्या संमतीवरच कुलूप पडलं, आजी. माझी ओळही मसुद्यातून गेली.

आता वीस मार्चला आमच्या ऑफिसात सरकारच्या मोठ्या साहेबांसमोर बैठक आहे. त्या फोटोखाली चार वाक्यं मी लिहायची आहेत, कारण मी त्या गावची. ओटी म्हणजे संमती, असं लिहिलं की तुमची वाट कायमची गेली. नाही लिहिलं तर मॅडमना सगळ्यांसमोर खोटं पाडल्यासारखं होईल. दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असं मी लिहून दिलंय. बाबांना फोनवर जरासं सांगितलं तर ते म्हणाले, भाडेकरार याच वर्षी संपतोय, तू काहीही करू नकोस. इथे माझ्या खोलीची खिडकीही दुसऱ्याच्या भिंतीवर उघडते. तुझ्या पत्र्याची रोज आठवण येते.

रागावली असलीस तर रागावूनच लिही, पण लिही.
तुझी क्षितिजा

*

अंजूर,
ता. ६ मार्च

चि. क्षितिजास आजीचे आशीर्वाद, एकही कमी न्हाय. वि. वि.

रागावते कशाला? भिंतीएवढी मी! दीपेशला विचारलं, भिंतीएवढ्या फोटोत लुगड्याचं ठिगळ दिसलं असेल का. तो बोलला, दिसलं असेल. तेवढंच वाईट वाटलं.

बायांना पत्र वाचून दाखवलं. ठकूबाईने शिव्या घातल्या, त्या लिहीत न्हाय, जोडाक्षरं फार हायत. मग मी बोलली, अगं, ती शहरातली बाई, तिला कुणी सांगितलं का ओटी म्हंजे काय? आपण भरली, हसलो, पाठवली. लेक केली आणि लेकीसारखं वागवलं कुठं? चैत्र पुनवेला गावदेवीची जत्रा. जत्रेला लेकींना मूळ जातं, भाऊ आणायला जातो. हिला कोण गेलं?

तर दीपेश येतोय. नारळ, साडी आणि खाजा घेऊन. मॅडमला रीतसर माहेरी आणायला. रेल्वेत त्याला बसायला जागा मिळाली हाय, त्याची काळजी न्हाय. तुझा बाप जेवायचा थांबलाय. मी बोलली, दौलत, भांडायला कोण चाललंय, बहिणीला आणायला भाऊ चाललाय, ह्यात कंपनीचं काय गेलं? त्याचं पण बरोबर हाय, घर त्याने चालवायचंय.

फोटोखाली काय लिहायचं ते मी सांगणार न्हाय. मला पत्र लिहायला अजून बोट लागतं, दिल्लीचं मला काय कळतं. तू रडू नको तेवढं कर.

जीव लावून ठेव, आम्ही लावलेलाच हाय.
तुझी आजी

*

नवी दिल्ली,
ता. २४ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

दीपेश सुखरूप पोचला असेल. त्याने सांगितलं असलं तरी काय घडलं ते माझ्या हाताने लिहावंसं वाटलं.

तो नेमका बैठकीच्या दिवशी आला. फेटा बांधून. खाली अडवलं तर बहिणीला न्यायला आलोय म्हणाला, त्यांना वाटलं माझ्यासाठी, म्हणून वर सोडलं. मोठे साहेब बसलेले, भिंतीवर तुझा फोटो, आणि हा आत येऊन रीमा मॅडमच्या हातात नारळ देऊन हिंदीत सांगतो, ताई, जत्रेला चला. मॅडम गोंधळून हसल्या. साहेबांनी विचारलं, जत्रा कुठे असते. दीपेश म्हणाला, गेटाच्या आत. गेट उघडं असतं का, तर म्हणाला, कुलूप आहे. मग साहेबांनी मला विचारलं, ही ओटी म्हणजे नक्की काय?

फोटोखालची चार वाक्यं मी तोवर लिहिलीच नव्हती. तोंडाने सांगितली. ओटी संमतीची नसते. परत जाणाऱ्या लेकीची भरतात, तिने पुन्हा यावं म्हणून. वाटेबद्दल या बायकांना कुणी काही विचारलेलंच नाही. मॅडम नारळ मांडीवर धरून बसून राहिल्या, ओटी भरताना बसल्या होत्या तशाच.

पण दिल्ली ती दिल्लीच. साहेब लिफ्टपर्यंत चालले तेवढ्यात मधला मार्ग निघाला. मसुद्यात आता असं आहे, की पारंपरिक धार्मिक प्रसंगी, एक दिवस आधी लेखी कळवल्यास, स्थानिकांना वाट मोकळी. बाकी दिवशी बंद. तुमच्या गेटापासून हा नियम आत्ताच करून बघणार आहेत. मला अर्धंच मिळवता आलं.

माझं म्हणशील तर नोकरी आहे, पण मीटिंगा बंद. मागच्या खोलीत बसून पेपरातली कात्रणं लावते. रजा कुणी नाकारत नाही, 'बघू' म्हणतात. मॅडम जत्रेला येणार नाहीत. घरी जाताना त्यांनी एवढंच विचारलं, या नारळाचं काय करायचं असतं. मी म्हटलं, फोडून सगळ्यांना वाटायचा. बाबा माझा फोन उचलत नाहीत.

तुझा लोभ पूर्वीइतकाच राहिला तर मला पुष्कळ झालं.
तुझी क्षितिजा

*

अंजूर,
ता. १९ एप्रिल

चि. क्षितिजास आजीचे आशीर्वाद, नवे कोरे. वि. वि.

अर्धं अर्धं काय करतेस? वाच पुढे.

जत्रा झाली. गेट उघडलं. पालखी गोडाऊनमधून गेली तेव्हा हमाल लोक ट्रकवरून उतरून पाया पडले. भाडेकरार एक वर्षाचाच झाला, आता दर वर्षाला नवा करतो बोलतात कंपनीवाले. तुझ्या बापाला वर्षभर धाक. तो जत्रेत माझ्याबरोबर चालला मात्र.

आता खरं ऐक. पारंपरिक धार्मिक प्रसंगी बोललेत ना? दिल्लीच्या माणसांना आपल्याकडे प्रसंग किती ते म्हायत न्हाय. सोमवारी सोमवार म्हणून. मंगळवार देवीचा. बुधवारी संकष्टी आली. गुरुवारी काय सुचेना, तर ठकूबाई आदल्या दिवशी नवसच बोलली, नवस बोलला की फेडायला जावंच लागतं. रोज संध्याकाळी मी कागद लिहून किशनला देते. वर्गातली बाई बोलते, आजी, तुमची जोडाक्षरं सुधारली. चिंबोऱ्या ताटात झाकून आणतो. किशनला सांगितलंय देवीचा प्रसाद. तो आता आपणहून विचारतो, अम्मा, कल क्या है?

पण तुझ्यापासून कशाला लपवू. गोडाऊनचा दुपारचा भोंगा झाला की बाहेर, नियमात तसं हाय. पाय चिखलात असला तरी उपटून पळायचं. पूर्वी खाडी सांगायची कधी उठायचं ते. बसायला गेलं की कान भोंग्याकडे. आणि नुसतं जावंसं वाटलं म्हणून जायचं, ते कागदावर लिहिता येत न्हाय. हसते मी पुष्कळ, पण लुगड्याचा काष्टा मारतानाच परतायची घाई असते.

रविवारी कारण सापडत न्हाय, म्हणून रविवारी घरात. पण पुढच्या रविवारचा कागद मी आत्ताच देऊन ठेवलाय. कारण लिहिलं, नात येणार हाय. किशनने वाचलं आणि विचारलं, अम्मा, यह धार्मिक है क्या. मी बोलली, आमच्यात हाय. त्याने शिक्का मारला. तुला रजा देत न्हाईत ते म्हायत हाय मला. तरी शिक्का मारलेला कागद हाय बाय, मला खोटं पाडू नको.

वाट बघणारी,
तुझी आजी धोंडूबाई