खळ्याच्या तोंडावरचं घर कोणाला द्यायचं

मी, मंजुळा हरिश्चंद्र टपके, वय वर्षे बाहत्तर, धंदा मासळी विकणे व सुकवणे, राहणार मौजे खारपाखाडी कोळीवाडा, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाला वा लाडीगोडीला न भुलता, माझ्यामागे माझ्या मिळकतीचं काय व्हावं ते लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याला बाहेर काढावं.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण मी डोळे मिटले की माझा धाकटा दीर महादू ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ असं गावभर सांगणार. महादू, भ्रम कोणाला झाला ते पुढे वाचशील.

शब्द माझे आहेत, अक्षर वकील सम्यक मोरे यांचं. हा मुलगा मला म्हणाला, “आजी, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत.” मी म्हटलं, “तुझ्यात लिहू नकोस. माझ्यात लिही.”

१. माझे पती हयात नाहीत. मला एक मुलगा, प्रितम. सून भाविका. नात तेजल, अजून शाळेत जाते. या तिघांशिवाय कोणी वारस म्हणून उभा राहिला तर तो बिल्डरने पाठवला आहे असं समजावं.

२. माझी मुख्य मिळकत म्हणजे राहतं घर. ते पतीच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याच्या चतुःसीमा अशा: पूर्वेस गल्ली व तुंबलेलं गटार. दक्षिणेस समाजाचं देऊळ. उत्तरेस सुनंदा काशीनाथ भानजी हिचं घर, मधली भिंत सामाईक. पश्चिमेस खळं.

गटाराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या गावाने गटार मागितलं. नळाला पाणी मागितलं, बंदरावर दिवा मागितला, आणि गल्लीतून गाडी आत येईल एवढा रस्ता मागितला. भाविकाचे दिवस भरले तेव्हा ॲम्ब्युलन्स नाक्यावरच अडकली आणि पोरीला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. त्या रात्रीचा तिचा राग खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण आम्ही गटार मागितलं आणि आम्हाला मिळाला बिल्डरचा एक फलक. फलकावर टॉवर, टॉवरपुढे हिरवळ, हिरवळीवर कुत्रं घेऊन चालणारी बाई. आमच्यातलं एकही माणूस त्या चित्रात नाही, आणि गटार आहे तिथेच तुंबलेलं आहे.

३. खळं माझ्या नावावर नाही, म्हणून ते मला देता येत नाही. ते कोणाच्याच नावावर नाही. कोर्टात हा कागद वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते: खळं म्हणजे मासळी सुकवायचं गावाचं अंगण. तिथे बांबूच्या उंच वलांड्या उभ्या असतात. त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून, टांगायचे. जिची वलांडी तिची रांग, सासूकडून सुनेकडे आलेली. याला सातबारा लागला नाही, कारण आजवर कोणी विचारलंच नाही.

मग सरकारी मोजणी आली. कोळीवाड्याच्या हद्दी नकाशावर चढणार, म्हणजे जमीन कायमची आपली होणार, असं ऐकून गाव हरखलं. महादू तेव्हाही मच्छीमार सोसायटीचा चेअरमन होता. ऐन बोंबलाच्या हंगामात त्याने दवंडी पिटल्यासारखं घराघरात सांगितलं, “पावनं येतान. मासलीचा वास नको. वलांड्या काढा, खलं सारवून घ्या, रांगोली काढा.” आमच्यात पाहुणा यायचा म्हणजे अंगण आरशासारखं लागतं. आम्ही बायकांनी बांबू उपटले, जाळी घरात कोंबली, ओले बोंबील टोपल्यांत भरून माळ्यावर टाकले. खळं झाडलं, सारवलं. साहेब आले, त्यांनी नारळपाणी घेतलं, स्वच्छ अंगणाचं कौतुक केलं आणि नकाशावर लिहून गेले: मोकळा भूखंड, वापर नाही. माळ्यावरचे बोंबील सडले ते वेगळंच.

आता त्याच मोकळ्या भूखंडावर टॉवरची गाड्या ठेवायची जागा होणार आहे. मालाचे ट्रक आत न्यायचे तर वाट एकच, आणि त्या वाटेवर माझं घर उभं आहे. म्हणून माझ्या सहीला आज एवढा भाव आला. एरवी माझ्याकडून मासळीचा वाटा घेतानाही लोक घासाघीस करतात.

४. महादूला मी माझा खराटा देते. त्या दिवशी खळं झाडायला तोच वापरला होता. बिल्डरच्या ऑफिसात त्याला खुर्ची मिळाली आहे, पण दारही झाडावं लागेल तेव्हा उपयोगी पडेल. माझ्या तेराव्याला त्याने जेवायला येऊ नये. आलाच तर वाढावं, कारण आपल्या घरातून कोणी उपाशी जात नाही, पण आग्रह करू नये.

५. माझ्या अंगावरचं व पेटीतलं सगळं सोनं भाविकाला. ते मोडून बिल्डरच्या फ्लॅटमध्ये भर घालू नये. ही अट नाही, विनंती आहे. सुनेला मी आजवर विनंती केलेली नाही, म्हणून तिने ही लक्षात ठेवावी.

६. बँकेत जे असेल ते तेजलच्या शिक्षणाला. कोयता, तराजू, टोपल्या आणि खळ्यावरची माझी रांगही तिलाच. ती डॉक्टर झाली तरी रांग सोडू नये, भाड्याने बाई लावावी.

७. होडीतला आमचा हिस्सा प्रितमचा. प्रितम, तू वाईट मुलगा नाहीस, उतावळा आहेस. घर माझ्या नावावर असताना काकाच्या शेजारी बसून बिल्डरच्या संमतीपत्रावर तू सही करून आलास. मला कळलं ते मासे विकताना, गिऱ्हाइकाकडून. घरी येऊन विचारलं तर म्हणालास, “आये, इथे वाट लागलीय सगळ्याची. पाणी नाय, रस्ता नाय. लिफ्ट मिळतेय तर घे ना, यार.” स्वतःच्या आईला यार म्हणालास, ते सोडून दिलं. पण मी विचारलं, “आणि बोंबील कुठे टांगायचे, लिफ्टमध्ये?” तेव्हा तू मोबाइल बघत बसलास. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

म्हणून घर मी तुला देत नाही. तू, भाविका आणि तेजल यांना त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क आहे. कोणीही तुम्हाला काढू शकणार नाही. राहा, दुरुस्ती करा, वर खोली चढवा. फक्त विकता येणार नाही आणि सही करता येणार नाही.

८. घराची मालकी मी सुनंदा काशीनाथ भानजी हिला देते.

इथे वकिलाने पेन खाली ठेवलं. “आजी, भिंतीपलीकडून शिव्या देते ती?”

तीच. या बाईशी माझं वीस वर्षांवर बोलणं नाही. तिने तिच्या वलांडीचे खांब हातभर पुढे रोवले आणि माझ्या रांगेचा वारा अडवला. तिचे बोंबील कडक सुकायचे, माझे दमट राहायचे. हे भांडण मिटलेलं नाही, आणि या कागदाने मिटलं असं कोणी समजू नये. ती कजाग आहे, हट्टी आहे, तिचं माप खोटं आहे.

पण मोजणीच्या दिवशी साऱ्या गावात एकटीने तिने बांबूला हात लावू दिला नाही. महादू ओरडला, बायका ओरडल्या, मीही दोन शब्द सुनावले. ती कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, “मासली सुकतंय ती सुकू दे. सायेब काय सोयरीक करायला आयलान?” गावाची लाज घालवली म्हणून पुढे कित्येक दिवस तिच्या हातचं पाणी कोणी घेतलं नाही. आणि आज त्या मोजणीवर आम्ही घेतलेल्या हरकतींच्या सुनावणीत आमच्या बाजूने नकाशावर काय आहे? कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ: मासे सुकवण्याचा लाकडी मांडव. तो मांडव म्हणजे सुनंदाची वलांडी. सम्यक म्हणतो, आपली सगळी केस त्या एका मांडवावर उभी आहे.

तिलाही संमतीपत्र गेलं होतं, पेढ्यांसकट. पेढे तिने कावळ्यांना घातले आणि कागदात सुकट बांधून विकली. अशा बाईच्या नावावर घर असेल तर त्या वाटेने ट्रक जाणार नाही, एवढं मला कळतं. माझ्या मुलाचा मला भरवसा नाही आणि तिचा आहे, हे लिहिताना जिवाला लागतं. पण खरं तेच लिहिते.

सुनंदाच्या पश्चात हे घर माझी नात तेजल हिला मिळावं. तोवर तिला अक्कल येईल.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील सम्यक मोरे यांनी करावी. त्यांना शेवटची सूचना अशी:

मी जिवंत असेपर्यंत सुनंदाला यातलं काही कळू देऊ नये. मी गेल्यावर कागद घेऊन जाल तेव्हा ती पहिल्या झटक्यात नाहीच म्हणेल. म्हणेल, “मेल्यावर पन उपकार करतेय. नको मना तिचा घर.” तिला समजवायला जाऊ नका. मंजुळाच्या मनात तुमच्याविषयी माया होती वगैरे काही सांगू नका, ती तुम्हाला हाकलून देईल. एवढंच सांगा, की मंजुळा म्हणत होती, सुनंदा महादूला घाबरते, ती हे घर घेणार नाही. आणि कागद पुढे करा.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो ऐकला, दोन ठिकाणी सम्यकने मऊ केलेले शब्द पुन्हा होते तसे करून घेतले, आणि साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: मंजुळा हरिश्चंद्र टपके

साक्षीदार:
१. डॉ. स्वरदा विनायक पेंडसे, दाखला देणाऱ्या डॉक्टर, बोरिवली (सही)
२. सौ. वनमाला गुणाजी राणे, सुक्या मासळीच्या जुन्या गिऱ्हाईक, बोरिवली (सही)

ठिकाण: बोरिवली, मुंबई
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५