एकच मानधन

९ मार्च, दुपार

प्रिय चिऊ,

आशीर्वाद. तुझ्या भावजींचा गुडघा आता बरा आहे. जिना चढताना कुरकुरतात, पण ती कुरकुर गुडघ्यापेक्षा तोंडाची जास्त. बाल्कनीतल्या कुंड्या तू सांगितलंस तशा उन्हातून हलवल्या. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

कामाचं लिहिते. लग्न लावायला आणि अंत्यविधीला चार शब्द बोलायला आपल्या संघाने एकच मानधन ठरवलं, त्यात तुझं फार नुकसान होतंय, तेव्हा त्याचा पुन्हा विचार व्हावा, असं गेल्या आठवड्यात लिहायला बसले होते. लिहून वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. तुझं नुकसान कुठे होतंय? होतंय ते माझं.

त्या बैठकीला तू नव्हतीस. छापखान्यावरच्या खोलीत अध्यक्षांनी मलाच दर सुचवायला सांगितला, सगळ्यांत जुनी म्हणून. मी म्हटलं, लग्नाआधी आपण जोडप्याला भेटतो, तसं अंत्यविधीआधी घरच्यांजवळ बसतो, त्यांचं रडणं ऐकतो, मग चार शब्द जुळवतो. मेहनत तीच. मग आनंदाला तिप्पट आणि दुःखाला उरलंसुरलं, हा कुठला न्याय? टाळ्या पडल्या. रिटायर्ड मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग अध्यक्षांनी तुझा निरोप सांगितला, ताई ठरवेल ते मला मान्य. माझी मान खाली गेली, पण शब्द मागे घेतले नाहीत.

बोलले ते खरंच होतं गं. पण त्यासाठी बोलले नव्हते. हे काम तुला मी शिकवलं, आणि लोक तुझ्या तारखेसाठी लग्न पुढे ढकलायला लागले. फुलवाली मलाच कौतुकाने सांगायची, तुमच्या बहिणीने लावलेलं लग्न लोकांच्या लक्षात राहतं. माझ्या वाट्याला अंत्यविधी आले. मी सगळ्यांना सांगायचे, मला तेच काम भावतं. भावतं कसलं, तेवढंच उरलं होतं. तुझा दर खाली यावा, एवढंच माझ्या पोटात होतं.

आला खाली. ज्यांना तू परवडत नव्हतीस, तेही तुला बोलवायला लागले. आणि पैसे तेवढेच द्यायचे, तर अंत्यविधीलाही तूच का नको? लोक माझ्याकडे माझ्या आवाजासाठी येतात, असं मी इतकी वर्षं समजत होते. ते स्वस्त म्हणून येत होते.

कोपऱ्यावरचा पाववाला गेला, तेव्हा त्याच्यावर काय बोलायचं हे मी मनात जुळवायलाही लागले होते. त्याच्या बायकोने तुला बोलावलं. त्यांच्या मुलीचं लग्न तू लावलं होतंस. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. खरं सांगते, तुझ्या चुका मोजायला बसले. तू हातात कागदही घेतला नाहीस. पाव बोटाने दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कसा झापायचा, ते तू सांगितलंस, आणि त्याची बायको तोंडाला रुमाल लावून हसली. हसता हसता रडली. मी आजवर खूप जणांना रडवलं, पण असं कुणाला हसवणं मला कधी जमलं नाही. माझेही डोळे भरले. सगळंच पाणी पाववाल्यासाठी नव्हतं.

बाहेर पडताना तू माझ्याजवळ आलीस. हळूच विचारलंस,

"ताई, काही चुकलं का गं?"

मी म्हटलं, "शेवट जरा लांबला."

तू मान डोलावलीस. काल अध्यक्ष भेटले. म्हणाले, हल्ली तुमची बहीण फार लवकर आटोपतं घेते, लोक बसून राहतात, अजून काहीतरी बोलेल म्हणून. ते ऐकलं, म्हणून आज हे पत्र.

मानधन बदलायचं का, हेही त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. दर रास्त आहे, माझी नियत नव्हती. मिळेल तेवढं काम मी करेन. तुझ्याबद्दलची जळजळ एका पत्राने शमेल, असा भ्रम मला नाही. तेव्हा मी काही नाक मुरडून बोलले, तर मनाला लावून घेऊ नकोस.

पण हे मात्र खरं धर. शेवट लांबला नव्हता. त्यातला एक शब्दही गाळू नकोस.

तुझी, अजूनही तुझ्यावर जळणारी,
ताई