उबेची बाजू

१२ जुलै २०२५, शनिवार

आज घरात माझ्याशिवाय दुसरा जीव आला! बहरीनला, मुहर्रकच्या या फ्लॅटमध्ये येऊन दहा दिवस झाले, सामान लागलं, डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची सवय झाली, आणि आज मर्विन अजगर देऊन गेला. बॉल पायथन. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. मर्विन ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, चार दिवसांनी कायमचा कॅनडाला चाललाय. इथून जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला सोफा, कुकर, कुंड्या देऊन जातो. माझ्या वाट्याला साप आला. उशीच्या अभ्र्यात घालून, गाठ मारून आणला होता.

काचेची पेटी चार फुटी. एका टोकाला उबेची बाजू, बत्तीस अंश. दुसऱ्या टोकाला गार, सव्वीस. दोन्हीकडे लपायला एकेक ढोली, मध्ये पाण्याचं भांडं, खाली नारळाचा भुसा. झाकणाला कुलूप. मर्विनने चारचारदा बजावलं की आठवडाभर हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, काचेवर टकटक करायची नाही. जीव आधी जागेत रुळू द्यायचा. गोठवलेले उंदीर फ्रीजरमध्ये आहेत, खवलेल्या नारळाच्या खाली. आई असती तर फ्रीजसकट मला बाहेर काढलं असतं.

खालच्या मजल्यावरची फ्लोरी बघायला आली. वसईची आहे, हॉस्पिटलात नर्स. क्रूसाची खूण केली आणि तरीही अर्धा तास पेटीसमोरून हलली नाही. खूप दिवसांनी हसले.

१४ जुलै, सोमवार

आता खरं लिहिते. साप मी हौसेने घेतलेला नाही.

माझा धाकटा भाऊ ओजस याच कंपनीत साइट इंजिनियर होता. गेल्या जुलैत झल्लाकला एका हॉटेलच्या कामावर, गच्चीत, दुपारी एक वाजता उष्माघाताने गेला. एकोणतीस वर्षांचा होता. त्या वेळी उन्हात काम बंद ठेवायचं असतं. त्याला वर पाठवला हेमचंद्र साहेबांनी, आणि तो आपल्या मनाने चढला असं लिहून खाली सहीही त्यांनीच ठोकली. मी आता त्यांच्याच हाताखाली डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. घटस्फोटानंतरही नवऱ्याचं आडनाव लावते, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. त्या लग्नाचा तेवढाच उपयोग झाला.

साहेब सापाला भितात. ड्रॉवरमध्ये रबरी साप बघून हा पन्नाशीचा माणूस टेबलावर चढला होता, असं मर्विनने हसत सांगितलं आणि माझा बेत तिथेच ठरला. घरी बोलवायचं, साप पुढ्यात ठेवायचा, खरं वदवून घ्यायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं. मी रोज त्यांना हसून गुड मॉर्निंग म्हणते. दात विचकते म्हटलं तरी चालेल.

२१ जुलै, सोमवार

काल पहिल्यांदा खायला दिलं. उंदीर कोमट पाण्यात ठेवून मऊ केला, चिमट्याने समोर धरला. स्वारीने तोंड फिरवलं. मर्विनला मेसेज केला, तो म्हणाला दोनतीन आठवडे खात नाहीत, काळजी करू नकोस. एसीने हवा कोरडी पडते म्हणून सकाळ-संध्याकाळ पेटीत पाणी फवारते. लेकुरवाळीसारखी झालेय.

साहेबांना नागपंचमीला पुरणाची दिंडं खायला बोलावलं. लगेच हुरळले. आपल्याकडचं माणूस भेटलं की बरं वाटतं, वर्षभरात कुणी दिंडं विचारली नाहीत म्हणाले. “इंशाल्ला, चार वाजता येतो.” या ना.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज ऑफिसला सुट्टी टाकली. ओजस जन्मल्यापासून मी हा भावाचा उपास करते. भाऊ गेल्यावर करायचा की नाही हे सांगायला कुणी नाही, म्हणून केला. चिरायचं नाही, तळायचं नाही, सगळं वाफेवर.

नाग कुठून आणू? बहरीनमध्ये जो मिळाला तो नाग. पेटी उघडली, लाह्या ठेवल्या, पाण्याच्या भांड्यात दूध ओतलं, आणि सापाच्या डोक्यावर हळदकुंकू लावलं. तो गोळा झाला नाही. शांतपणे लावून घेतलं. आपल्यात नागाला भाऊ मानतात. मी हात जोडून म्हटलं, ओजस, तू असशील तर ऐक, तुझ्या मरणाला जो जबाबदार आहे त्याला सोडू नकोस.

साहेब आले. पाच दिंडं तुपात बुडवून खाल्ली. मग मी पेटीवरचं फडकं ओढलं. हातातली वाटी पडली, भिंतीला चिकटले. मी ओजसचं नाव सांगितलं, माझं नातं सांगितलं. सगळं कबूल केलं. हो, मीच वर पाठवलं, वरून घाई होती, सहीही माझीच. रडले. आणि मग म्हणाले की तो दोन दिवस तापात होता, जा म्हटलं घरी, तर म्हणाला, ताई येऊ देत नाही.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि त्यांना हाकलून दिलं. खोटारडा मेला.

३१ जुलै, गुरुवार

हेमचंद्र साहेब गेले.

काल दुपारी, स्वतःच्या फ्लॅटमध्ये, एसी अठरावर. हॉस्पिटलात आणलं तेव्हा फ्लोरीची ड्यूटी होती. तिने सांगितलं, “अगो, अंग बेचाळीसच्या वर! गच्चीवर तापलेल्या पत्र्यासारखं. डॉक्टर म्हणाले उष्माघात. एसीत बसून?” किती वाजता, मी विचारलं. एक.

मला आनंद झाला. लिहायला लाजत नाही. उरलेली दिंडं गरम करून खाल्ली. ओजस, माझ्या राजा, फेडलंस.

२ ऑगस्ट, शनिवार

साप अजून खात नाही. सूड झाला, आता तरी खा म्हटलं. कुंकू पुसलं जात नाही. ओल्या कापसाने दोनदा पुसलं.

उबेच्या बाजूला छत्तीस अंश दाखवतंय. थर्मोस्टॅट बिघडला असावा. प्लग काढून ठेवला.

४ ऑगस्ट, सोमवार

प्लग काढलेलाच आहे. अडतीस.

नवा थर्मामीटर आणला. त्यातही अडतीस. मर्विन म्हणतो, हीटर बंद असेल तर पेटी खोलीइतकीच गार असणार, तू बघायला चुकतेस. मी चुकत नाही. आता साप दोन्ही ढोल्या सोडून माझ्या पलंगाकडच्या काचेला तोंड लावून असतो. फिरवून ठेवलं तरी पुन्हा तिकडेच. साप डूख धरतो म्हणतात. पण ज्याच्यावर धरायचा तो तर मेला.

दुपारी एक वाजता खोलीतला एसी गरम हवा फेकायला लागला. अर्ध्या तासाने थांबला.

५ ऑगस्ट, मंगळवार

कामावर गेले नाही. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

साहेब खोटं बोलले नव्हते. मरायच्या आदल्या दिवशी ओजसचा फोन आला होता. ताई, अंगात ताप आहे, मला परत यायचंय. मी म्हटलं, दर वेळी अर्धवट सोडून पळतोस, लोक शेण घालतील तोंडात, आला तर माझ्या दारात उभा राहू नकोस. तो बरं म्हणाला. एवढंच. बरं.

हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. त्याच्या तेराव्यालाही नाही. सगळं साहेबांच्या नावावर टाकलं, आणि नागपंचमीला हात जोडताना त्यांचं नाव मात्र घेतलं नाही. जो जबाबदार आहे, म्हटलं. मूर्ख मी. त्याने दोघांनाही धरलं.

६ ऑगस्ट, बुधवार

फ्लोरीकडे गेले होते. तिने काही न विचारता चटई घातली. एक वाजता तिच्या हॉलच्या भिंती तापल्या. मग तिचं कपाळ. हात लावला तर चटका — ती बरळायला लागली —

मी वर निघून आले. दारात पाऊल टाकलं आणि तिने खालून हाक मारली, की बरं वाटतंय, यल्ला, जेवायला ये.

नाही जाणार. तिने काय केलंय?

७ ऑगस्ट, गुरुवार

चाळीस. पेटीला कुलूप आहे. तो आत नाही.

८ ऑगस्ट

बारा पन्नास. दाराची कडी हातात धरवत नाही. नळाला उकळतं पाणी —

पलंगाखाली आहे. येत नाही. दोनदा तोंड बाहेर काढलं, उंबऱ्यावर अडवल्यासारखा थांबला — माझ्या शब्दावर थांबलाय. मेल्यावरही. बरं म्हणाला होता ना —

बेचाळीस. अक्षर दिसत नाही नीट.

ओजस, मी पाय खाली सोडलेत. चुकले रे. माझं दार तुला उघडं आहे, लोक गेले खड्ड्यात, ये घरी, ताई म्हणतेय ये, ये माझ्या जव