ओव्हनमधलं गोमांस आणि कच्ची गाजरं

बाबा,

त्या रविवारी आईने हाच ट्रे ओव्हनमध्ये ठेवला होता. तुम्ही म्हणालात, "लोर्ना, ही गाजरं आहेत की कुंपणाचे खांब?" ती म्हणाली, "मग उद्या तू कर, वर्लिन. ओव्हन कुठल्या खोलीत आहे ते सांगू का?" आपण तिघंही हसलो. सोमवारी ती गेली.

अंत्यविधीनंतर शेजाऱ्यांनी आणून दिलेलं जेवण काल संपलं, म्हणून संध्याकाळची तयारी करून ठेवली आहे. ओव्हन चारशे फॅरनहाइटवर तापवा. बटाटे, गाजरं आणि कांदे ट्रेमध्ये पसरलेत, ते आधी अर्धा तास भाजू द्या. गोमांसाच्या पट्ट्या फ्रिजमध्ये झाकून ठेवल्यात. त्या नंतर घाला, दहा मिनिटं पुरतात. आई सगळं एकदमच घालायची आणि मांस चिवट होऊ नये म्हणून लवकर काढायची. गाजरं त्यामुळे कच्ची राहायची.

शेजाऱ्यांच्या भांड्यांखाली चिकटपट्टीवर नावं आहेत. परत द्यायला स्वतः जा, नुसती दारात ठेवून येऊ नका.

मी ओमाहाला, माझ्या घरी निघाले. तुम्ही खुर्चीत झोपला होतात, उठवलं नाही. संध्याकाळी फोन करेन. आजवर तुम्ही फोन उचलून "थांब, आईला देतो" म्हणायचात, आणि मी थांबायचे. निघताना तुमच्या खुर्चीपाशी उभी राहून मी मोठ्याने बोलले. तुम्हाला ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहिते. मी म्हणाले, "बाबा, मला तुमच्याशी बोलायचं आहे."

कॅरिन