लामिनची चार दिवसांची रजा

२८ मार्च, सकाळी
दुबईशेजारी अजमानच्या आमच्या तांदळाच्या गोडाउनमध्ये कट शिजतोय. संशय लामिनवर. स्टोअरकीपर, आफ्रिकेतल्या गाम्बियाचा. नऊ वर्षं साधा वाटला, हीच खूण. आज फोनवर स्वतःच्या भाषेत कुजबुजत होता. मधेच इंग्रजी: "ओल्ड मॅन", "फिनिश". इथे ओल्ड मॅन एकच. मी. वय एकसष्ट.
संकल्प: चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

दुपारी
लामिनने विचारलं, सर, बरं वाटत नाही का, घाम आलाय. म्हणजे त्याची पाळत सुरू.

३० मार्च
नवे शब्द: "ड्रम", "मार्बल". ड्रम समजला, प्रेत कोंबायला. मार्बल कशाला? थडगं बांधणार? आमच्यात जाळतात, हे त्याला कोणीतरी सांगा. बायकोला, सविताला, सांगितलं. म्हणाली, बीपीची गोळी घेतलीत का?

१ एप्रिल
लामिनचा रजेचा अर्ज. सात तारखेपासून चार दिवस. कारण काय, तर बहीण फातू, शाळेत टीचर, पार्लमेंटच्या निवडणुकीला उभी आहे. आई आणि दोन मावश्या, तिघी म्हाताऱ्या, नदीपलीकडे राहतात. होडीने बूथवर हाच नेणार. दुसऱ्या कुणाबरोबर त्या होडीत बसत नाहीत. स्टोअरकीपरची बहीण पार्लमेंटमध्ये! आणि अर्ज द्यायला तारीख कुठली निवडली पाहा, एक एप्रिल! रजा नामंजूर. कारण: स्टॉक चेकिंग. "ओके सर" म्हणाला. वादच घातला नाही. फारच संशयास्पद.

४ एप्रिल
इशिताने मोबाइलवर गाम्बियाचं मतदान दाखवलं. "पपा, दे व्होट विथ मार्बल्स. इट्स रिअल." उमेदवाराच्या ड्रममध्ये गोटी टाकायची, आत घंटा वाजते, मत झालं. ओल्ड मॅन म्हणजे तिथला जुना खासदार असणार, म्हणे. नेटवर कोणीही काहीही टाकतं. पोरगी भोळी आहे.

६ एप्रिल
गोडाउनमध्ये इफ्तार. पार्टनर मुनीर, रत्नागिरीचा, लामिनच्या शेजारी बसलेला. मला म्हणाला, अहो वसंतराव, जाऊ द्या त्याला, स्टॉक मी बघतो. म्हणजे मुनीरही सामील! मी खजूर खाल्ला, पण आधी मुनीरला खाऊ दिला.

९ एप्रिल
तिकडे मतदान, इकडे स्टॉक चेकिंग. मी मुद्दाम हजर. लामिनने एकच रांग चार वेळा मोजली. गिल्टी.

१० एप्रिल
फातू हरली. दोन मतांनी. मुनीरने सांगितलं. तिघी म्हाताऱ्या दिवसभर काठावर बसून होत्या, होडीत चढल्याच नाहीत.
तीन वजा दोन. हिशेब मी तीनदा केला.
लामिन वेळेवर आला, सलाम केला, शटर उघडलं. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, महिनाभर रजा घे, तिकीट माझ्याकडून. तो म्हणाला, थँक यू सर, पण पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहे. मी म्हटलं, तेव्हाची रजा आत्ताच मंजूर.
तो हसला नाही. चहा हवा का, एवढंच विचारलं.