मेरनच्या नावाचा चौकोन

प्रिय मेरन,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझं ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. फोनवर सांगितलं असतं, पण तू हसली असतीस, आणि तू हसलीस की माझी बोलतीच बंद होते. म्हणून दुपारच्या बोटीने हे पाठवते आहे. बाकी घरी सगळं ठीक आहे. तुझ्या जुळ्यांनी काल माझ्या बार्लीच्या भाकऱ्या कोंबड्यांना घातल्या आणि वर मलाच सांगितलं, की मावशी, कोंबड्यांनासुद्धा त्या आवडल्या नाहीत. अगदी तुझ्यावर गेल्यात. अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, पण तोंड बघावं!

आपल्या किनाऱ्यावरचं टेकाड पुराणकाळचे अवशेष शोधायला लोकवर्गणी काढून खणणार, हे ऐकल्यावर मी किती खिदळले होते! जगभरातली माणसं पदरचे पैसे भरून आपल्याकडे चिखलात गुडघे टेकायला येणार म्हणे. आणि वर्गणी भरायला सगळ्यात पुढे कोण, तर माझीच बहीण! तू खणायच्या जागेतला एक चौकोन घेतलास, त्यावर तुझ्या नावाची चिठ्ठी लागली आणि ऐन वेळी डॉक्टरांनी तुला अ‍ॅबर्डीनला नेऊन खाटेवर झोपवलं. मग तुझ्या जागी थापी घेऊन कोण बसणार? मीच. वर्गणीदारांना घरबसल्या काम बघता यावं म्हणून तिथे कॅमेरा लावलाय, आणि तू दिवसभर त्यातून माझ्या पाठीवर नजर ठेवून होतीस. ‘इंगा, जरा जोर लाव, पैसे दिलेत मी,’ असे तुझे निरोप वाचून सगळा तळ हसायचा.

मग तू विचारलंस, की तुझ्या बाजूला राखाडी कोट घालून बसतो तो कोण गं? मान म्हणून वर करत नाही, लाजाळू आहे की तुला घाबरतो? मला वाटलं, तू डग्लसबद्दल विचारतेस. लीड्सचे निवृत्त मास्तर, सहलीला गेल्यासारखे दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे पैसे भरून खणायला जातात. ते पलीकडच्या चरात होते, पण कॅमेऱ्यात जवळ दिसत असतील, म्हटलं. सोमवारी त्यांचे गुडघे धरले आणि ते घरी गेले. मंगळवारी तुझा निरोप आला, की आज राखाडी कोटवाल्याने फार सुरेख काम केलं. मेरन, मंगळवारी माझ्या बाजूला कोणीच नव्हतं. आमच्या प्रमुख रोनाबाईंना मी त्या दिवसाचं चित्रण दाखवायला लावलं. त्यात मी एकटी होते. दुसऱ्या कुठल्याही वर्गणीदाराने त्या माणसाबद्दल विचारलेलं नाही. औषधांमुळे तुला भास होत असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण सकाळी कामावर गेले की माझ्या डाव्या हाताकडची माती आधीच खरवडलेली असायची, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. त्याबद्दल मी कोणाला विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

त्याच जागी थडगं निघालं. चारी बाजूंनी दगडी फरशा उभ्या केलेल्या, वर झाकणाची फरशी, जरासुद्धा न हललेली. रोनाबाईंनी चौघांकडून ती उचलवली तर आत काही नाही. हाडाचा तुकडा नाही, दात नाही. कोणासाठी तरी बांधून ठेवलं आणि तो आलाच नाही, असं त्या म्हणाल्या. आणि चौकोनावरची तुझ्या नावाची चिठ्ठी काढून त्या थडग्याला बांधली; ज्याच्या चौकोनात जे सापडेल त्याला त्याचं नाव, ही इथली पद्धतच आहे. शेजारचा म्हातारा मॅनसी कुंपणाशी उभा होता. तो ओरडला, की जिवंत बाईचं नाव थडग्याला बांधता? अक्कल गहाण ठेवलीत का सगळ्यांनी? तळावरचे लोक हसले. मला हसू आलं नाही.

काल संध्याकाळी तुझा निरोप आला. राखाडी कोटवाल्याने मान वर केली, तुझ्याकडे बघून ओळखीचं हसला आणि थडग्याच्या काठावरची माती हाताने थोपटली, पाहुण्याला ‘ये, बस’ म्हणतात तशी. पुढे तू लिहिलंस, की इंगा, मला मुळीच भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. अगं, उंदराला भिणारी तू! भीती वाटली असती तर चाललं असतं गं.

आज सकाळी मी रोनाबाईंना म्हटलं, ती चिठ्ठी बदला. त्या म्हणाल्या, वर्गणी ज्याची त्याचंच नाव, नियम आहे. मग मी कोकरं विकून आलेले पैसे भरले आणि चौकोन माझ्या नावावर करून घेतला. एकाच खड्ड्याला दोन बहिणींचे पैसे, असे वर्गणीदार रोज मिळोत, म्हणून त्या हसल्या. तुझ्या नावाची चिठ्ठी मी तळावरच्या चुलीत घातली आणि माझ्या नावाची स्वतःच्या हाताने बांधली. रागावू नकोस. तुला दोन पोरी आहेत. माझ्या मेंढ्या काय, मॅनसीसुद्धा सांभाळेल. मग थडग्याशीच गुडघे टेकून कामाला लागले, तर डावीकडून थापीचा आवाज यायला लागला. अगदी शांत, सावकाश. आता तिथेच बसून हे लिहितेय आणि कडेच्या नजरेला राखाडी कापड दिसतंय. मी अजून मान वळवलेली नाही. उद्या तू शुद्धीवर आलीस, असा दवाखान्यातून फोन आला की वळवीन. तू मात्र आता तो कॅमेरा बघू नकोस. पोरींना जवळ घे आणि मावशीच्या भाकऱ्या वाईट होत्या हे त्यांना कबूल कर.

तुझीच,
इंगा