घेतलेल्या गोळ्या

१२ जून

चि. धाकटीस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

दोन महिने पत्र नाही. प्रयोगशाळेतच अंथरूण टाकलंस की काय?

तुझ्या दादाला जाऊन चार वर्षं झाली, तरी सकाळी ओट्याशी उभी राहिले की मागून यांचा आवाज येतो, घेतली गं म्हणून. रक्तात औषधाचा मागमूस नाही, पेशंट गोळ्या चुकवतोय, असं डॉक्टर म्हणाले होते. मग मी रोज यांना लहान मुलासारखं तोंड उघडायला लावलं. उशीखालीसुद्धा शोधलं. तू आता त्याच औषधावर काम करतेस म्हणून विचारते, खरंच टाकून देत असतील का गं?

आठवण ठेव.
तुझी वहिनी


२० जून

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

लिहायचा धीरच होत नव्हता. हे औषध पाण्यात विरघळत नाही. दिवसभर ढवळलं तरी तळाशी पीठ बसावं तसं बसतं. काहींच्या पोटातही तेच होतं. गोळी जाते तशीच बाहेर पडते, रक्तात उतरत नाही. आता आम्ही ते इतकं बारीक दळलंय की केसाच्या जाडीत शेकडो कण ओळीने मावतील. कण परत एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वर पातळ लेप दिलाय. प्राण्यांवरच्या चाचणीत ते प्रथमच रक्तात भरपूर सापडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्यात जाऊन बसले.

वहिनी, रक्त कोरं निघालं म्हणून दादाने गोळ्या टाकल्या, असं म्हणताच येत नव्हतं. आणि फोनवर त्याला खोटारडा मी म्हणाले होते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी


२७ जून

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. यांच्या खुर्चीसमोर माफी मागायला उभी राहिले आणि नुसती खुर्ची पुसून परतले. शेवटच्या आठवड्यात यांनी मला हाक मारून जवळ बोलावलं, गोळी जिभेवर ठेवून दाखवली, गिळली आणि आपणहून तोंड उघडलं. मी तरीही टॉर्च आणून आत पाहिलं. हे कुठे ठेवू मी?

तुमचं नवं औषध यायला किती वर्षं लागतील, ते तू लिहिलं नाहीस. तोवर जुनीच गोळी चालणार, आणि कुठल्यातरी घरी कोणीतरी असाच टॉर्च मारत असेल. तुझ्या साहेबांना सांग, डॉक्टरांना आत्ताच कळवा. तुला जमत नसेल तर मी येते, शेजारी बसते.

तुझ्यावर रागावले आहे का, मलाच समजत नाही. लोभ मात्र तसाच आहे. कळवून झालं की मगच पुढचं पत्र लिही.

तुझी वहिनी